चहाच्या पाण्याचा साबण
(विज्ञान कोपरा – इयत्ता सातवी)



या भित्तिपत्रकाखालच्या बाकावर साबणाच्या चार वड्या मांडल्या आहेत. एक पांढरी, एक बदामी, एक गडद तपकिरी आणि एक ठिपक्यांची. चारही वड्यांचं तेल एकच, माप एकच. फरक आहे तो फक्त चहाचा. हा फरक कसा पडला आणि त्यातून आम्हांला काय कळलं, ते मी या लेखात सांगणार आहे.

प्रयोग का करावा लागला?

आमच्या वाडीतल्या बचत गटात अकरा बायका आहेत. माझी आईही त्यांत आहे. वाडीत माड पुष्कळ, त्यामुळे दरवर्षी खोबरं सुकवून घाण्यावरून तेल काढून आणतात. त्यातलंच थोडं तेल बाजूला ठेवून गट अंगाचा साबण करतो. हा साबण विकत नाहीत, कारण विकायचा तर सरकारी परवाना लागतो. अकरा घरांत वाटून घेतात.

मागच्या खेपेला साबण दिसायला छान व्हावा म्हणून बाजारातून गुलाबी रंगाची पुडी आणली होती. तो रंग कापडाचा की खाण्याचा, पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. साबण झाला सुंदर, पण घरोघरचे पंचे गुलाबी झाले. एका घरात बाळाच्या अंगावर पुरळ उठलं. ते रंगानं उठलं की उन्हानं, हे कुणालाच सांगता येईना. पण सगळ्याजणी घाबरल्या. दोघी तर म्हणाल्या, “पुरे झाला साबण! तेल आमटी-भाजीला तरी होईल.”

आईला साबण बंद व्हायला नको होता. ती म्हणाली, “रंग घालायचाच तर आपण रोज पोटात घेतो त्याचा घालू.” मग चहाचं नाव निघालं. तेव्हा आजी ओटीवर बसल्या बसल्या म्हणाली, “चायचो डाग कपड्यावरसून जाणा नाय, आणि तुमी चायचो साबण करतास?”

हा प्रश्न मी वर्गात सांगितला. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी तो फळ्यावरच लिहिला : ‘चहाचा डाग जात नाही, मग चहाच्या साबणाचा डाग पडेल का?’ बाई म्हणाल्या, “आजीचं म्हणणं खोटंही धरायचं नाही आणि खरंही धरायचं नाही. करून पाहायचं.”

पहिला प्रयोग : तीन पेले

हा प्रयोग कुणीही घरी करू शकेल. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा करून गाळून घ्या. तीन काचेच्या पेल्यांत सारखा ओता. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा. तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका.

लिंबाचा चहा लगेच फिका, पिवळसर होतो. सोड्याचा चहा गडद होत जातो. चहा तोच, पण आंबट वस्तूनं रंग उतरला आणि सोड्यानं चढला. लिंबू हे आम्ल आहे आणि सोडा आम्लारीधर्मी आहे, हे आपण पाठात शिकलोच आहोत. साबणही आम्लारीधर्मी असतो. म्हणून चहा साबणात गेला की त्याचा रंग गडदच होणार, हे आम्हांला इथेच कळलं.

चहाला रंग येतो कुठून?

झाडावरचं चहाचं पान हिरवं असतं. कारखान्यात ते चुरगळतात. चुरगळल्यावर त्यातल्या रसाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि पान तांबूस तपकिरी होतं. चिरलेलं वांगं थोड्या वेळानं काळं पडतं ना, तसाच हा प्रकार. यातून जी रंगद्रव्यं तयार होतात त्यांना थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन अशी नावं आहेत. आपण दुकानातून आणतो ती बारीक दाण्यांची चहापूड ‘सीटीसी’ पद्धतीची असते. म्हणजे यंत्रात पान चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे केलेले असतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसाममध्ये निघाली. दाणे बारीक असल्यामुळे रंग भराभर उतरतो.

चहा सुती कापडाला धरून बसतो, म्हणून डाग लवकर निघत नाही. त्याला लोखंड लागलं तर तो काळा पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, ती याच गुणामुळे. म्हणून चहा उकळायला लोखंडी भांडं घेऊ नये.

साबण म्हणजे काय?

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगानं साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. याला साबणीकरण म्हणतात. फ्रान्समधल्या शेव्रल नावाच्या शास्त्रज्ञानं तेल-चरबीवर पुष्कळ वर्षं संशोधन केलं आणि १८२३ साली त्याचं पुस्तक काढलं. साबण होताना तेलाचं नेमकं काय होतं, ते त्यामुळे लोकांना समजलं.

प्रत्येक तेलाला किती सोडा लागतो याचं माप ठरलेलं आहे. २५० ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे ४६ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. गटातल्या बायका ४१ ग्रॅमच घेतात. त्यामुळे थोडं तेल तसंच उरतं आणि अंग कोरडं पडत नाही. सोडा जास्त झाला तर तो साबणात मोकळा राहतो आणि कातडी जाळतो. म्हणून इथे ‘अंदाजानं घाल’ चालत नाही. आई किराणा दुकानातून आकडे दाखवणारा वजनकाटा मागून आणते. पाणीसुद्धा वजनानंच घेते.

दुसरा प्रयोग : चार घाणे

साहित्य (प्रत्येक घाण्याला) : खोबरेल तेल २५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ४१ ग्रॅम, पाणी किंवा कोरा चहा ९० ग्रॅम.

घाणा ‘अ’ – नुसतं पाणी.
घाणा ‘आ’ – दीडशे ग्रॅम पाण्यात एक चमचा चहापूड उकळून, गाळून, त्यातला ९० ग्रॅम चहा.
घाणा ‘इ’ – तसाच, पण चार चमचे चहापुडीचा.
घाणा ‘ई’ – नुसतं पाणी, आणि शेवटी वाळवून बारीक केलेला चहाचा चोथा एक चमचा.

सोड्याचं सगळं काम आई आणि शेजारच्या काकूंनी केलं. दोघींनी हातात रबरी मोजे घातले होते, डोळ्यांना चष्मे लावले होते. आम्ही मुलं अंगणात लांब उभं राहून वहीत लिहीत होतो. आमच्याकडे चहा उकळणं, वजनं टिपणं आणि साच्यांवर चिठ्ठ्या लावणं ही कामं होती.

कृती : चहा पूर्ण गार केला. स्टीलचं पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून त्यात चहा ओतला आणि सोडा थोडा थोडा घालून ढवळला. पाण्यात सोडा घालायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. सोडा पडताच गार चहा कढत झाला आणि बघता बघता काळपट झाला. चहाचा वास गेला आणि भलताच उग्र वास आला. आजी लांबूनच म्हणाली, “झालो बघ काढो!”

हे द्रावण कोमट झाल्यावर कोमट तेलात ओतलं आणि ढवळत राहिलो, म्हणजे आई ढवळत राहिली! मिश्रण पिठल्यासारखं दाट झालं आणि पळीची धार सोडली की वर रेघ उमटू लागली, तेव्हा साच्यात ओतलं. सकाळी ओतलेला साबण संध्याकाळी कापला. खोबरेलचा साबण लवकर कडक होतो. उशीर केला तर सुरीखाली त्याचे तुकडे पडतात.

वड्या माळ्यावर सुपात, वारा लागेल अशा, चार आठवडे ठेवल्या. तेवढ्यात त्यांतलं पाणी उडून जातं आणि वडी टणक होते. मी ‘अ’ घाण्यातली एक वडी दर रविवारी तोलत होते. पहिल्या दिवशी ती ९० ग्रॅम होती, चार आठवड्यांनी ८१ भरली.

निरीक्षण

‘अ’ पांढरीशुभ्र राहिली. ‘आ’ बदामी रंगाची झाली, दुधाच्या खव्यासारखी. ‘इ’ सुपारीसारखी तपकिरी झाली. ‘ई’ पांढरीवर काळसर ठिपके अशी झाली. चहाचा वास एकाही वडीला नाही. पातेल्यात द्रावण काळं दिसत होतं, पण तेलात मिसळल्यावर रंग बराच फिका झाला. तेव्हा पातेल्यातला रंग पाहून घाबरू नये.

मग आजीच्या प्रश्नाची परीक्षा घेतली. जुन्या पांढऱ्या धोतराचे बारा तुकडे केले, प्रत्येक वडीला तीन. पहिल्या तुकड्यावर साबण चोळून लगेच धुतला. दुसरा फेस असतानाच तासभर ठेवून धुतला. तिसऱ्यावर ओली वडी रात्रभर ठेवली आणि सकाळी धुतलं.

लगेच धुतलेल्या चारही तुकड्यांवर डाग नाही. तासाभराचे चारही स्वच्छ. रात्रभर ठेवलेल्यांत ‘अ’, ‘आ’ आणि ‘ई’ यांचे तुकडे स्वच्छ निघाले, पण ‘इ’च्या तुकड्यावर वडीच्या आकाराचा पिवळट डाग राहिला. ते तुकडेही वड्यांशेजारी पुठ्ठ्यावर टाचले आहेत. हात लावून पाहा.

अनुमान

१. कोऱ्या चहानं साबणाला बदामी ते तपकिरी रंग येतो. चहा जितका कडक, तितका रंग गडद.
२. हलक्या चहाच्या साबणाचा डाग पडला नाही. कडक चहाची ओली वडी कापडावर पडून राहिली तर डाग पडतो. म्हणजे आजीचं म्हणणं निम्मं खरं ठरलं.
३. चोथ्यानं रंग येत नाही, ठिपके येतात. टाचा-गुडघे घासायला तो चांगला, पण लहान बाळाला टोचेल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. गटातल्या एक काकू म्हणाल्या, “चहाच्या साबणानं कांती उजळते असं चिठ्ठीवर लिहू या.” बाईंनी विचारलं, “तुम्ही तसं पाहिलंत का?” कुणीच पाहिलेलं नव्हतं. कॉस्टिक सोड्यात चहातले घटक बदलतात आणि साबण तर अंगावरून लगेच धुऊनच टाकतो. म्हणून चिठ्ठीवर एवढंच लिहिलं : ‘खोबरेल तेलाचा साबण. रंग चहाचा.’

सावधगिरी

• मुलांनी कॉस्टिक सोड्याला हात लावू नये. मोठ्यांनीही मोजे आणि चष्म्याशिवाय लावू नये. काम उघड्यावर करावं.
• ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. सोडा ते खातो आणि ज्वालाग्राही वायू निघतो.
• अंगावर उडाला तर लिंबू, व्हिनेगर लावत बसू नये. वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धुवावं आणि दवाखान्यात जावं. डोळ्यात गेला तर पाण्यानं धूत धूतच डॉक्टरांकडे न्यावं.
• सोड्याचा डबा नाव लिहून, कुलपात ठेवावा. तो साखर-मिठासारखा दिसतो.
• चहात साखर नको. साखरेनं द्रावण आणखी तापतं. दूधही नको.

गटानं काय ठरवलं?

मागच्या महिन्याच्या बैठकीत आईनं हे बारा तुकडे सगळ्यांपुढे मांडले. साबण नको म्हणणाऱ्या दोघींनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले. मग ठरलं की, यापुढे ‘आ’ घाण्याप्रमाणे एक चमचा चहापुडीचाच साबण करायचा, आणि ज्या घरात बाळ आहे तिथे ‘अ’ म्हणजे पांढरा द्यायचा. पुडीवर नाव नसलेला रंग पुन्हा आणायचा नाही. दोघींपैकी एकीनं या खेपेला दोन किलो तेल दिलं. दुसरी अजून विचार करते आहे. तिच्यासाठी आईनं ‘आ’ची एक वडी पाठवली आहे.

आजीनं मात्र ‘इ’चीच वडी घेतली. ती म्हणते, हिचा रंग सुपारीसारखा आहे. रोज आंघोळ झाली की ती वडी दगडावर सुकत ठेवते, पंचावर नाही.

तुमच्याकडे जास्वंद, बीट किंवा हळद असेल तर आधी तीन पेल्यांचा प्रयोग त्यांच्यावर करा. सोड्यानं कुणाचा रंग टिकतो आणि कुणाचा पालटतो ते वहीत लिहून आणा. हळदीचं काय होतं ते मी सांगणार नाही. पुढच्या अंकात तुमची निरीक्षणं इथेच लावू.