‘यश सिद्धि’चा वारसा : परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन

‘यश सिद्धि’ हे महार रेजिमेंटचे ब्रीदवाक्य आहे. हे यश सहजासहजी लाभलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांसाठी सैन्यभरतीचे दार बंद केले. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार ही पलटणही युद्धानंतर मोडण्यात आली. सुभेदार रामजींचे सुपुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या अन्यायाविरुद्ध सातत्याने आवाज उठविला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे नव्या रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढे तिच्यात अनेक प्रांतांचे व समाजांचे जवान एकाच निशाणाखाली सामील झाले. या रेजिमेंटला लाभलेले एकमेव परमवीर चक्र मुंबईत जन्मलेल्या एका तमिळ अधिकाऱ्याच्या नावे आहे, हे या परंपरेला साजेसेच होय.

रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी झाला. १९७२ मध्ये ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत गेली. तीत मेजर परमेश्वरन ८ महार पलटणीसह होते. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री जाफना भागात शोधमोहीम आटोपून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला चढविला. मेजर डगमगले नाहीत. त्यांनी शत्रूला पाठीमागून वेढा घातला व त्याच्यावर चाल केली. हातघाईच्या लढाईत एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी झाडली. तशा स्थितीतही त्यांनी त्याच्या हातची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जवानांना आज्ञा देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. तीन रायफली व दोन रॉकेट लाँचर हाती आले. या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. आजवरच्या २१ परमवीरांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर लाभला आहे.

येथे धम्माच्या अनुयायापुढे एक प्रश्न उभा राहतो. ‘पाणातिपाता वेरमणी’ हे शील रोज ग्रहण करणाऱ्याने रणांगणावरील शौर्याचा गौरव करावा काय? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी याचा विचार केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला पाहिजे, असे ते सांगतात. मेजर परमेश्वरन यांनी त्या रात्री संकट शोधले नव्हते. ते संकट त्यांच्या माणसांवर कोसळले होते. सोबत्यांना त्यातून सोडविणे, हे त्यांचे कर्तव्य होते. मात्र गरज संपताच शस्त्र खाली ठेवण्याची तयारीही हे तत्त्व मागते. कलिंगविजयानंतर सम्राट अशोकाला झालेला पश्चात्ताप आपण विसरू शकत नाही.

म्हणून वीरांचे स्मरण करताना आपल्या मुलांना युद्धाची गोडी लावू नये, जबाबदारीची लावावी. स्वतःची वेदना बाजूस सारून सोबत्यांचा विचार करणे, हा गुण वर्गात, वसतिगृहात आणि वस्तीतही अंगी बाणवता येतो.

मननासाठी प्रश्न
१. इच्छा व गरज यांतील भेद आपल्या दैनंदिन भांडणांना कसा लावता येईल?
२. एकेकाळी सैन्यात प्रवेश नाकारल्या गेलेल्या समाजाच्या नावाची रेजिमेंट आज सर्वांची आहे. यातून समतेविषयी काय शिकावे?