मौन आणि संमती

मरोळहून महाकाली गुंफा मार्गाने गेले की थोड्याच अंतरावर कोंडिविट्याची बौद्ध लेणी लागतात. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत या टेकडीत 19 लेणी कोरली गेली. नवव्या लेण्यातील स्तूप सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो; परंतु भोवतालच्या लहान विहारांतून राहणारे भिक्खू आपसांत निर्णय कसे घेत असत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. निवासी शाळा हाही एका छपराखाली राहणारा समूहच असल्यामुळे तो प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

विनयपिटकात या निर्णयांची रीत दिली आहे. संघासमोर प्रस्ताव मांडावयाचा. महत्त्वाच्या बाबतीत त्याची घोषणा तीन वेळा करावयाची. ज्याला तो मान्य असेल त्याने मौन पाळावे, ज्याला अमान्य असेल त्याने बोलावे. कोणीच बोलले नाही तर प्रस्ताव संमत. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्खूसंघाच्या या कार्यपद्धतीचा, त्यातील गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदानाचा मुद्दाम उल्लेख केला. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. मात्र त्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. मौन म्हणजे संमती, हा नियम जितका सोयीचा तितकाच धोक्याचा आहे. मनुष्य पटल्यामुळे गप्प राहतो, तसाच भीतीमुळे, संकोचामुळे किंवा ‘एवढे सगळे म्हणतात तर तसेच असेल’ असे वाटूनही गप्प राहतो.

या शेवटच्या प्रकाराला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी 1972 च्या आपल्या ग्रंथात ‘ग्रुपथिंक’ म्हटले. आपण त्याला समूहविचार म्हणू. एप्रिल 1961 मध्ये क्यूबावर धाडण्यात आलेली सुमारे 1,400 जणांची तुकडी तीन दिवसांत पराभूत झाली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांना ती योजना पटलेली नव्हती. त्यांनी तसे लेखी कळवलेही होते, परंतु बैठकीत सर्वांसमोर ते गप्प राहिले. त्या खोलीत मूर्ख कोणीच नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खुद्द भिक्खूसंघही यातून सुटला नाही. चुल्लवग्गात वैशालीची हकीकत आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वज्जी भिक्खू उपोसथाच्या दिवशी काशाचे पात्र पाण्याने भरून मध्ये ठेवीत आणि उपासकांना त्यात नाणी टाकण्यास सांगत. यश नावाच्या भिक्खूने उपासकांना देऊ नका म्हणून सांगितले. जमलेल्या पैशातील त्याचा वाटा त्याच्यापुढे ठेवण्यात आला. त्याने तो नाकारला. तेव्हा उपासकांचा अपमान केल्याचा ठपका ठेवून त्यालाच उपासकांची क्षमा मागण्याची शिक्षा झाली. सगळ्यांनी घेतलेला वाटा एकाने नाकारला की इतरांना तो आरोपासारखा बोचतो.

पुढचा भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. शिक्षा झालेल्या भिक्खूला सोबत एक भिक्खू मिळाला पाहिजे, या नियमावर यशाने बोट ठेवले आणि सोबती मिळवला. (सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातील प्रयोगांतही हेच आढळले: बाजूने एक जण जरी उभा असला तरी चुकीच्या बहुमतापुढे मान तुकवण्याचे प्रमाण खूप घटते.) यशाने क्षमा न मागता उपासकांना नियम समजावून सांगितला, आणि त्यांना तो पटला. संघ पुन्हा कारवाईला निघाला तेव्हा तो दूरच्या भिक्खूंकडे गेला. अखेर वैशालीतच 700 भिक्खू जमले. एवढ्या सभेत चर्चेला शेवट सापडेना, तेव्हा पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ भिक्खूंवर निर्णय सोपवण्यात आला आणि वज्जी भिक्खूंचे दहाही आचार अमान्य ठरले. वैशालीच्या त्या आवारात मोजणी झाली असती तर यश एकटाच होता. बाहेरचे कान मिळाले म्हणून सत्य टिकले.

गुप्त मतदानाची सोयही विनयात आहे. निरनिराळ्या रंगांच्या शलाका वाटून, घेतलेली शलाका कोणाला दाखवू नये असे सांगावयाचे. शलाका वाटणारा पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा, अशी अट आहे. मात्र बहुमत अधम्माकडे गेलेले दिसल्यास त्याने ते मतदान रद्द ठरवावे, हेही तेथेच लिहिले आहे. ही तरतूद आजच्या दृष्टीने आम्हांला पटत नाही. जुने आहे म्हणून सगळेच उचलावे असे नाही.

आपल्या चळवळीतील एक प्रसंग येथे आठवतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडला हजारो लोक चवदार तळ्यावर सत्याग्रहाच्या निर्धाराने जमले होते. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम काढला होता. परिषदेत बाजूने आणि विरोधाने भाषणे झाली आणि शेवटी बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. पेटलेल्या समूहाला थांबा म्हणणे सोपे नसते. न्यायालयीन लढा मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. पण त्या दिवशी लोकांनी युक्तिवाद मानला की केवळ बाबासाहेबांचा शब्द, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा 1949 च्या त्याच भाषणात त्यांनीच दिला आहे.

वसतिगृहात समूहविचाराचे रूप साधे असते. एखाद्या मुलाला टोपणनाव पडते, मग त्याच्या ताटाशेजारी कोणी बसत नाही, आणि चाळीस जणांच्या खोलीत हे चुकीचे आहे असे वाटणारे दहा जण तरी असतात. प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटते. अशा खोलीत अधीक्षकांनी ‘कोणाची काही तक्रार?’ असे विचारून उपयोग नाही; उत्तर मौनच येणार. नाव न घालता चिठ्ठ्या घ्याव्यात, लहान इयत्तेला आधी बोलू द्यावे, मोठ्यांनी आपले मत शेवटी सांगावे, आणि दुसऱ्या खोलीतील एक-दोघांना सभेला बसवावे.

वर्षावासाच्या अखेरीस होणारी पवारणा याहून एक पाऊल पुढे जाते. पाहिलेला, ऐकलेला किंवा शंका आलेला माझा दोष मला दाखवा, अशी विनंती तेथे प्रत्येक भिक्खू संघाला करतो. उकिडवे बसून, हात जोडून ही विनंती करावयाची असते, आणि तिची सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते.