घरातील पहिली लघुरेल्वे : आराखड्यापासून उभारणीपर्यंत



पालघर जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला रेल्वेची ओळख करून द्यावी लागत नाही. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड ही नावे आपल्याला पाढ्यांसारखी पाठ असतात. कोणाचे वडील पहाटेच्या गाडीने मुंबईला कामाला जातात, कोणाची आई तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाते. सुट्टी लागली की वसतिगृहातील निम्मी ट्रंका याच गाड्यांनी घरी पोहोचतात. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली तेव्हापासून हे नाते अधिकच घट्ट झाले आहे. तथापि गाडीत बसणे वेगळे आणि गाडी कशी चालते हे उमगणे वेगळे. ते उमगण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे स्वतःच्या हातांनी एक छोटी रेल्वे उभारणे. ती कशी उभारावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. आरंभ प्रश्नापासून

पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. पूल, रस्ते, दिवे, सर्कशीचा तंबू आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या पाहून मन हरखून जाते. मात्र असे शहर पाहून आलेला विद्यार्थी घरी तसेच शहर उभारावयास निघतो आणि तेथेच त्याची फसगत होते. प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न असाच फसला. आधी रूळ व डबे आणले, मग फळी आणली आणि आराखडा सर्वांत शेवटी आठवला. रूळ फळीबाहेर जाऊ लागले. पुढे पावसाळ्यात पातळ फळी फुगली आणि गाडी प्रत्येक फेरीला त्याच जागी घसरू लागली.

म्हणून पहिला नियम असा : काहीही विकत आणण्यापूर्वी वहीत एक प्रश्न लिहावा. या रेल्वेने काय वाहायचे आहे, कोठून आणि कोठे? ज्या रुळाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तो रूळ आराखड्यातून काढून टाकावा. पहिल्या मांडणीसाठी बोईसरसारखे गजबजलेले स्थानक घेऊ नये. उमरोळीच्या धाटणीचे एक लहान, कल्पित स्थानक पुरेसे आहे.

२. प्रमाणाचे गणित

लघुरेल्वेत सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे. त्यास एच.ओ. म्हणतात. खऱ्या वस्तूचे माप ८७ ने भागले की लघुरूपाचे माप मिळते. जागा फारच कमी असल्यास १:१६० हे एन प्रमाण घ्यावे. एच.ओ. रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, तर एन रुळांमधील ९ मिलिमीटर असते.

येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. १६.५ ला ८७ ने गुणले की सुमारे १,४३५ मिलिमीटर येतात. हा युरोप-अमेरिकेतील प्रमाण रूळमार्ग होय. आपला भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. त्यास ८७ ने भागल्यास १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय गाडी चालवताना आपण २.८ मिलिमीटरची तडजोड करीत असतो. बहुतेक हौशी मंडळी ही तडजोड जाणूनबुजून स्वीकारतात. आपणही स्वीकारावी, पण ती वहीत नोंदवून ठेवावी.

आता अंतरांकडे वळू. पालघर ते बोईसर हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे. १:८७ प्रमाणात ते १३८ मीटर होईल. एवढी जागा शाळेच्या मैदानावरही सहज मिळणार नाही. जुन्या पद्धतीचा निळा प्रवासी डबा सुमारे २२.३ मीटर लांब असतो. लघुरूपात तो २५.६ सेंटिमीटर होतो. अशा २४ डब्यांची गाडी घरात ६ मीटरहून अधिक लांब होईल. तात्पर्य, लघुरेल्वे ही वास्तवाची हुबेहूब प्रतिकृती कधीच नसते. काय ठेवावे आणि काय गाळावे, हा निर्णय करणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

एक सूचना कळकळीची. मापे घेण्यासाठी कोणीही खऱ्या रुळांवर उतरू नये. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांवर विनापरवाना प्रवेश करणे हा गुन्हा आहे. आणि कायद्याहूनही मोठी गोष्ट ही, की रूळ ओलांडताना गेलेला माणूस परत येत नाही. फलाटावर सुरक्षित उभे राहून पाहावे, चित्र काढावे, पावले मोजावीत. तेवढे पुरते.

३. कागदावरील आराखडा

प्लायवूडचा प्रचलित तक्ता ८ फूट × ४ फूट, म्हणजे २४४ × १२२ सेंटिमीटर असतो. एच.ओ.च्या पहिल्या मांडणीस तो योग्य आहे. वळणाची त्रिज्या ४६ सेंटिमीटर धरली, तर पूर्ण वळसा ९२ सेंटिमीटर रुंदीत बसतो आणि कडेला मोकळी जागाही राहते. कडेची जागा सोडू नये, असा मोह होतो. पण घसरलेले इंजिन फरशीवर आपटले की त्या जागेचे मोल कळते.

दोन्ही टोकांस १०-१० सेंटिमीटर सोडल्यास सरळ भागासाठी १३२ सेंटिमीटर उरतात. दोन सरळ भाग आणि दोन अर्धवर्तुळे मिळून एका फेरीची लांबी सुमारे साडेपाच मीटर होते. खऱ्या मापात ती ४८१ मीटर भरते. म्हणजे आपली संपूर्ण रेल्वे २४ डब्यांच्या एका गाडीपेक्षाही आखूड आहे! हे गणित एकदा उमगले की हाव आपोआप आवरते. स्थानकात एक लूप ठेवला, तर सांध्यांची जागा वजा जाता सुमारे ८० सेंटिमीटर वापरता येतात. तेथे २४ सेंटिमीटरचे इंजिन आणि दोन डबे उभे राहतात. आपली गाडी तेवढीच असावी.

अनेकांना पहिल्याच मांडणीत एका रुळावरून दुसरा रूळ नेणारा पूल हवा असतो. त्याचेही गणित करून पाहू. खालून गाडी जाण्यासाठी साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. चढ शेकडा २ ठेवला तर एवढे चढण्यास ३.७५ मीटर आणि उतरण्यास तितकेच, असे एकूण साडेसात मीटर लागतात. आपल्याकडे आहेत साडेपाच. म्हणून पहिली मांडणी सपाट असावी.

आराखडा असा होईल : एक अंडाकृती मुख्य मार्ग, स्थानकात एक लूप आणि एक साइडिंग. हे सर्व जुनी वर्तमानपत्रे चिकटवून पूर्ण आकारात जमिनीवर काढावे. डब्यांच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्या रेषांवरून सरकवून पाहाव्यात. चूक कागदावर सापडली तर खोडरबराने भागते.

४. बैठक, रूळ आणि आपली हवा

बैठकीसाठी १२ मिलिमीटर जाडीचा जलरोधक प्लाय घ्यावा. त्याखाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकावी आणि दोन्ही बाजूंना व कडांना रंगाचा हात द्यावा. आपला प्रदेश समुद्राला लागून आहे. खारी, दमट हवा लाकडात शिरते आणि लोखंडास गंज चढवते. याच कारणास्तव रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. नावात चांदी असली तरी हा मिश्रधातू तांबे, निकेल व जस्त यांचा असतो. पितळेचे रूळ स्वस्त पडतात. मात्र त्यांवर जमणारा थर विजेला अडवतो आणि गाडी अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने रूळ अधूनमधून पुसावेत. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास ज्योत नसावी.

रूळ जोडल्यावर प्रत्येक जोडावरून बोट फिरवावे. बोटाला जो खडबडीतपणा जाणवतो, तेथेच चाक घसरणार. सर्व रूळ आधी तात्पुरते बसवून गाडी दोन्ही दिशांनी चालवावी. ती सांध्यांवरून न अडखळता गेली, तरच रूळ कायमचे बसवावेत. खडी पसरण्याची घाई करू नये. चाळलेल्या बारीक कचेवर निम्मे पाणी घातलेला फेव्हिकॉल व त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब असे मिश्रण सोडले की खडी पक्की बसते. पण मग रूळ उचलणे अवघड होते.

५. विजेचा मार्ग

साध्या लघुरेल्वेत १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह दोन रुळांतून वाहतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाके तो प्रवाह मोटरपर्यंत पोहोचवतात. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलट दिशेने धावते. यावरून एक मर्यादा निघते. वळसा घेऊन स्वतःलाच परत मिळणारा रूळ आखला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. आपल्या अंडाकृती आराखड्यात हा धोका नाही. वीज एकाच ठिकाणी न देता दोन-तीन ठिकाणी द्यावी, म्हणजे दूरच्या टोकाला गाडी मंदावत नाही. भिंतीतील २३० व्होल्टच्या जोडणीला विद्यार्थ्यांनी हात लावू नये. तयार, बंदिस्त कंट्रोलरच वापरावा.

गतीचेही प्रमाण राखावे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे १:८७ प्रमाणात सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर. या वेगाने आपली फेरी सुमारे १७ सेकंदांत पूर्ण होते. त्याहून वेगाने धावणारी गाडी खेळण्यासारखी भासते.

हा अभ्यास कोठवर नेतो याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचे लघुरेल्वे मंडळ स्थापन झाले. टेलिफोन यंत्रणेतील रिले वापरून त्यांनी सांध्यांची व विजेची नियंत्रणव्यवस्था रचली. त्यातील काही विद्यार्थी पुढे संस्थेतील आरंभीच्या संगणकांकडे वळले आणि संगणकाच्या इतिहासात त्यांची नोंद झाली.

६. देखावा आणि माणसे

आता त्या एकमेव साइडिंगकडे येऊ. तिचे कारण काय? पूर्वी मुंबईच्या तबेल्यांसाठी आपल्या भागातून गवत जात असे. म्हणून आपल्या साइडिंगशेजारी गवताची वखार असावी. काथ्याचे तुकडे रंगवून गठ्ठे करावेत, काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची वखार करावी. पण गठ्ठे रचताना आणखी एक प्रश्न विचारावा : हे गवत कापले कोणी? १९४५ साली डहाणू-उंबरगाव परिसरातील वारली मजुरांनी ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून लढा दिला. त्या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली आहे. वखार दाखवायची आणि गवत कापणारी माणसे गाळायची, असा आराखडा अपुरा म्हणावा लागेल.

१६० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:८७ प्रमाणात १.८ सेंटिमीटरचा होतो. तांब्याची तार आणि कागदाचा लगदा यांतून तो घरीच घडवता येतो. रुळांची देखभाल करणारा गँगमन, मासळीची पाटी घेतलेली बाई, चिकूच्या करंड्या, डबा हाती घेऊन लोकलची वाट पाहणारे कामगार यांना फलाटावर जागा द्यावी. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून भातशेती करता येते. रूळ, इंजिन व कंट्रोलर एवढेच काय ते खर्चिक. बाकी सारे आपल्या परिसरातच पडलेले असते. आणि इंजिनाचे पैसे जमेपर्यंत पुठ्ठ्याचे स्थानक पूर्ण मापाने करून ठेवले, तरी निम्मे शिक्षण झालेलेच असते.

समारोप

सध्या विरार ते डहाणू रोड या टप्प्यात तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. त्या कामातही वळण, चढ, जागा, वीज आणि माणसे हेच प्रश्न आहेत. फक्त प्रमाण ८७ पटींनी मोठे आहे. ज्याने घरात साडेपाच मीटरची रेल्वे विचारपूर्वक बांधली, तो गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहताना प्रत्येक सांध्याचे, प्रत्येक खांबाचे कारण शोधू लागतो. अशा विद्यार्थ्यांमधून उद्या कोणी सिग्नल सांभाळील, कोणी पूल आखील. तोवर पहिली मांडणी लहान असावी, सपाट असावी, आणि मुख्य म्हणजे पूर्ण असावी.

स्वाध्याय

१. विजेच्या गाडीवरील तार रुळांपासून सुमारे ५.५ मीटर उंच असते. १:८७ व १:१६० या प्रमाणांत ती किती उंच होईल?
२. आपल्या वर्गखोलीची लांबी मोजा. १:८७ प्रमाणात तेवढ्या लांबीत किती डबे उभे राहतील?
३. चढ शेकडा ३ ठेवल्यास साडेसात सेंटिमीटर चढून उतरण्यास किती लांबी लागेल? ८ × ४ फुटांच्या तक्त्यावर तो पूल शक्य होईल का? कारण द्या.
४. आपल्या गावाजवळील स्थानकातून पूर्वी कोणता माल जात असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यावरून एका साइडिंगचा आराखडा काढा.