काळा कोळी जरा आधी येऊ द्या

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत भाचरं आणि त्यांचे मित्र आमच्याकडे मुक्कामाला असतील. त्यांच्यासाठी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा नवशिक्यांसाठीचा जुना बॉक्स आणला आहे. गोष्ट सांगणारी, म्हणजे डीएम, मीच. आतली साहसाची पुस्तिका वाचून काढली. जागा झकास, राक्षसही झकास, पण कथानक विस्कळीत वाटलं. मुख्य खलनायक शेवटच्या गुहेत भेटतो, तोवर त्याचं नाव जेमतेम कानावर पडतं. मधल्या भागात तर पळवून नेलेल्या माणसाला विसरून सगळे रानोमाळ हिंडतात. मी सरळ नवं कथानक लिहू का? आमच्यात हा खेळ आधी कुणीच खेळलेलं नाही.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : नवं लिहू नका, हेच दुरुस्त करा. तुमच्या दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि हे साहस चालवणाऱ्या पुष्कळ डीएमनी त्या आधीही केल्या आहेत. पण त्यावरचा इलाज तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच स्वस्त आहे.

इतर वाचकांसाठी थोडी माहिती. या खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि 'मी दार फोडतो', 'मी त्याच्याशी गोड बोलते' असं सांगत जातात. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. वाचिकेकडचा बॉक्स २०१४ चा. त्यात ३२ पानांचे नियम, फासे, पाच तयार पात्रं आणि 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' नावाचं ६४ पानी साहस आहे. पुढे या साहसातली सगळी गुपितं उघडी होणार आहेत. ज्यांना ते खेळायचं आहे त्यांनी इथेच थांबावं, आणि वाचिकाबाईंनी हा अंक भाचरांच्या हाती लागू देऊ नये.

गोष्ट थोडक्यात अशी. गंड्रेन नावाचा ड्वॉर्फ नेव्हरविंटर शहरात आपल्या नायकांना काम देतो. सामानाने भरलेली गाडी फँडॅलिन गावी पोचवायची, माणशी १० सोन्याची नाणी. तो स्वतः सिल्डर या योद्ध्याबरोबर घोड्यावरून पुढे जातो. वाटेत नायकांना रस्त्यावर मरून पडलेले दोन घोडे दिसतात आणि झाडीतून गॉब्लिन तुटून पडतात. गंड्रेन आणि सिल्डरला पळवलेलं असतं, कारण एका हरवलेल्या खाणीचा नकाशा गंड्रेनकडे असतो. या सगळ्यामागे 'ब्लॅक स्पायडर', आपला काळा कोळी.

मुळात नवशिक्यांच्या साहसात कथानक असलंच पाहिजे, ही अपेक्षाही फार जुनी नाही. १९८० च्या सुमाराचं गायगॅक्सचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे असंच पहिल्या धड्यासाठीचं साहस होतं. त्यात एक गढी, समोरच्या दरीत राक्षसांनी भरलेल्या गुहा आणि बाकी सगळं डीएमवर सोडलेलं. गढीतल्या किल्लेदारालासुद्धा नाव दिलेलं नव्हतं. तरी पोरं महिनोन्महिने खेळली. म्हणून घाबरू नका. टेबलाशी बसलेल्यांना 'आपल्या वाटेत कोण आडवं येतंय, का येतंय आणि आता आपण काय करायचं' एवढं समजलं की कथानक उभं राहतं. बाकीचं पुस्तिकेत छापलेलं असलं तरी खेळणाऱ्यांच्या लेखी ते नसतंच. तुमची सगळी मेहनत या समजण्यावर खर्च व्हायला हवी.

सुरुवात गंड्रेनपासून करा. पुस्तिका त्याला पहिल्याच परिच्छेदात पुढे धाडून देते आणि मग अपेक्षा करते की नायकांनी जिवावर उदार होऊन त्याला सोडवावं. कशासाठी? १० नाण्यांसाठी? आधी खानावळीतला एक प्रसंग खेळा. गंड्रेन बडबड्या, उत्साही, काहीतरी दडवतोय पण चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या दडत नाही, असा रंगवा. बॉक्समधल्या पात्रांच्या कागदांवर मागच्या बाजूला जे लिहिलंय तेही वाया घालवू नका. धर्मोपदेशक ड्वॉर्फ हा गंड्रेनचा चुलतभाऊ आहे. चोरटा हाफलिंग फँडॅलिनमधल्या रेडब्रँड गुंडांवर खार खाऊन आहे. धनुर्धाऱ्याचं नातं थंडरट्री या उद्ध्वस्त गावाशी आहे. पण नवखं पोर आपल्या कागदावरचा मजकूर आपण होऊन वाचत नाही, त्याला तलवारीचं नुकसान किती एवढंच हवं असतं. म्हणून पहिला फासा पडण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : गंड्रेनने तुझ्यासाठी कधी काय केलं होतं? मुलं जे सांगतील ते खरं धरायचं. एका उत्तरात माणूस आपला होतो, मग त्याला शोधायला कुणाला ढकलावं लागत नाही.

मग पहिली लढाई. ती दिसते त्याहून जीवघेणी आहे. चार गॉब्लिन दबा धरून बसलेले, एकेक फटका सरासरी पाच-सहा हिट पॉइंटचा (हे पात्राच्या जिवाचं माप) आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे असतात जेमतेम सात-आठ. दोन बाण बसले की आडवा. भाचा हौसेने जादूगार झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत बाहेर बसला, तर सुट्टीचा विचका. इथे पुस्तिकेने स्वतःच एक चांगली सोय केली आहे, पण कुणी ती वापरत नाही. नायक हरले तर गॉब्लिन त्यांना मारत नाहीत. बेशुद्ध सोडून, त्यांना आणि गाडीला लुटून निघून जातात. हा शेवट नाही, उलट मूळ सुरुवातीपेक्षा सरस सुरुवात आहे. मार खाल्लेली, नागवलेली पोरं गॉब्लिनांच्या मागावर ज्या त्वेषाने जातील तो १० नाण्यांनी येत नाही. जिंकले तरी एक गॉब्लिन पळताना पकडला जाईल असं बघा आणि त्याला बोलतं करा.

आता काळा कोळी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

रहस्यकथेचा लेखक गुन्हेगाराला शेवटच्या प्रकरणापर्यंत दडवू शकतो, कारण वाचकाला पाठीमागची पानं चाळता येतात. खेळात ती सोय नाही. पहिल्या बैठकीत कुणीतरी उच्चारलेलं नाव चौथ्या बैठकीत कुणाच्याही लक्षात नसतं. त्यात गंड्रेन, थार्डेन, नंड्रो, नेझ्नार, इयार्नो अशी नावं. पाचवीतल्या पोराला यातला भाऊ कोण आणि वैरी कोण हे कसं कळावं? नेझ्नार हे काळ्या कोळ्याचं खरं नाव तर उच्चारूच नका. 'काळा कोळी' म्हणा, मराठीत म्हणा आणि त्याची खूण सतत समोर ठेवा. मेलेल्या घोड्यांजवळ नकाशाची रिकामी नळकांडी पडलेली असते, तिच्यावर काळ्या शाईने कोळी काढा. गॉब्लिनांच्या गुहेतला त्यांचा दांडगा म्होरक्या क्लार्ग याच्या पेटीतल्या थैलीवर तोच कोळी. रेडब्रँडांच्या म्होरक्याच्या खोलीत सापडणाऱ्या पत्रावर पुस्तिकेनेच कोळ्याची खूण दिली आहे. ते पत्र तुम्ही खरंच कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या. तोंडाने वाचून दाखवलेलं पत्र विसरलं जातं. हातातला कागद पोरं जपून ठेवतात.

खूण झाली, पण चेहरा? तोही पुस्तिकेतच आहे, फक्त भलत्या जागी. काळ्या कोळ्याच्या हाताखाली डॉपलगँगर आहेत, कुणाचंही रूप घेणारे. त्यातली एक क्रॅगमॉ किल्ल्यात, म्हणजे गंड्रेनला जिथे कोंडलेलं असतं तिथे, गॉब्लिनांच्या राजाशी नकाशाचा सौदा करत बसलेली असते. नायक दार फोडून आत येतात, तिला मारतात आणि ती कोण होती हे कुणाला कळतही नाही. तिला उचलून फँडॅलिनच्या खानावळीत आणा. एक प्रेमळ प्रवासीण. नायकांना जेवू घालते, त्यांच्या जखमांची विचारपूस करते, गंड्रेनबद्दल जरा जास्तच चौकशी करते. डॉपलगँगरला समोरच्याच्या मनातलं वाचता येतं, तेव्हा मुलांचा प्रश्न पुरता व्हायच्या आत तिने उत्तर द्यावं. एकदाच. एखादी चुणचुणीत भाची भुवई उंचावेल, बाकीच्यांना पत्ता लागणार नाही. पुढे किल्ल्यात तोच चेहरा राजाशेजारी दिसला आणि त्यांच्यादेखत वितळला, की खलनायकाचा हात आपल्या ताटापर्यंत पोचला होता हे सगळ्यांना एकदम उमगतं. यासाठी एकही नवं पात्र लिहावं लागलं नाही.

असाच दुसरा फुकट गेलेला धक्का इयार्नोचा. सिल्डर आपल्या बेपत्ता साथीदाराला, इयार्नो नावाच्या जादूगाराला, शोधत असतो आणि रेडब्रँडांचा म्होरका ग्लासस्टाफ हाच तो निघतो. कागदावर झकास, खेळताना मुलं म्हणतात, "कोण इयार्नो?" सिल्डर सुटल्यावर गावाकडच्या वाटेवर त्याच्या तोंडी इयार्नोची एखादी आठवण घाला. भला माणूस होता, माझा जीव वाचवला होता वगैरे. मग बघा.

रेडब्रँडांच्या तळघरात एका लाकूडकाम करणाऱ्याच्या खुनाचा उपकथाभाग आहे, त्याची बायकोमुलं तिथे कोंडलेली असतात. भाचरं लहान असतील तर तो माणूस जिवंत ठेवा. इतकं काळं काही लागत नाही. त्याच तळघरात ड्रूप नावाचा एक भेदरट, सगळ्यांचा मार खाणारा गॉब्लिन भेटतो. मुलं त्याला हमखास पाळतात. पुस्तिकेत त्याला किल्ल्याची वाट आठवत नाही. तुमच्या खेळात त्याला आठवू द्या. इथून तिसऱ्या भागातला तुमचा दुसरा आक्षेप सुटायला लागतो.

तिसरा भाग म्हणजे मोकळं रान : जुनी विहीर, ऑर्कांचा डोंगर, थंडरट्री, बॅन्शीची कुटी. अनुभवी खेळाडूंना ही चैन वाटते, नवशिक्यांना चकवा. यातल्या दोनच जागा ठेवा, बाकीच्या गाळा. गाळल्याचं कुणाला कळत नाही. ठेवलेल्या प्रत्येक जागी किल्ल्याकडे नेणारा काहीतरी धागा असलाच पाहिजे. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन खेळलेखकाचा एक नियम डीएम मंडळींत प्रसिद्ध आहे : खेळाडूंनी जे ओळखावं असं तुम्हाला वाटतं, त्यासाठी किमान तीन पुरावे पेरा. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, एकाचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा कामी येतो. मी तर म्हणेन, मुलं खेळत असतील तर तिसरा पुरावा त्यांच्या अंगावर येऊन आदळेल असा ठेवा. ड्रूप त्यासाठी आदर्श आहे.

आणि गंड्रेनचा विसर पडू नये म्हणून टेबलावर सहा चौकटींचा एक कागद ठेवा. नायकांनी कुठे लांबची वाट धरली किंवा रात्रभर मुक्काम केला की एक चौकट काळी करायची. सगळ्या भरल्या तर गंड्रेन मरत नाही, त्याला किल्ल्यातून हलवून खाणीत काळ्या कोळ्याकडे नेतात. गोष्ट अडत नाही, पण उशिराची किंमत डोळ्यांसमोर राहते. हा कागद काय आहे ते सांगू नका. तिसरी चौकट भरेपर्यंत मुलंच विचारतील.

थंडरट्रीतला ड्रॅगन मात्र ठेवा. खेळाच्या नावात ड्रॅगन आहे, तो न दाखवता मुलांना घरी पाठवणं बरं नव्हे. पण व्हेनमफँग हा तरुण हिरवा ड्रॅगन, १३६ हिट पॉइंटांचा. त्याचा विषारी फूत्कार सरासरी ४२ ची हानी करतो. तिसऱ्या लेव्हलचा जादूगार जेमतेम वीसवर. लढाई झाली तर खेळ खलास. हिरवे ड्रॅगन कपटी आणि बोलके असतात, तेव्हा त्याला बोलू द्या. किल्ल्याचा पत्ता त्याला माहीत आहे, बदल्यात त्याला काहीतरी हवं आहे. ड्रॅगनशी घासाघीस केलेली मुलं ती लढाईपेक्षा जास्त दिवस सांगत फिरतात. तो किती मोठा आहे हे मात्र आधी स्पष्ट दाखवा : ढासळलेली छपरं, मेलेले साहसवीर. सूचक बोलून चालणार नाही, दहा वर्षांच्या मुलाला सूचक कळत नाही.

शेवटच्या गुहेबद्दल, म्हणजे त्या हरवलेल्या खाणीबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. तिथे गंड्रेनच्या एका भावाचं प्रेत सापडतं आणि दुसरा कैदेत जिवंत असतो. पहिला प्रसंग घाईत उरकू नका, चुलतभावाचं पात्र ज्याच्याकडे आहे त्याला बोलायला अवकाश द्या. आणि काळ्या कोळ्याने लढाईआधी सौदा मांडावा : खाण मला, तुमचा माणूस तुम्हाला, वर सोनं. चौघांनी घेरलेला जादूगार तसाही दोन फेऱ्यांत पडतो. भाचरं आपसात भांडायला लागली की त्याला पडायची घाई राहत नाही.

जाता जाता एक. याच साहसाची वाढवलेली आवृत्ती २०२३ मध्ये 'फँडेल्व्हर अँड बिलो' या नावाने आली आहे; त्यात खाणीनंतर गोष्ट आणखी पुढे, बाराव्या लेव्हलपर्यंत जाते. तुमच्या सुट्टीला तिची गरज नाही. जुनी ६४ पानं पुरेत, आणि त्यातलीही काही उरतील.