माती फुकट, मग बिल कशाचं?

निसर्गोपचारात वापरतात ती द्रव्यं म्हणजे माती, पाणी, ऊन, वारा आणि रिकामं पोट. यातल्या कशालाच फारसे पैसे पडत नाहीत. तरीही दहा दिवसांच्या मुक्कामाचं बिल एका ठिकाणी काही हजारांत येतं, तर दुसरीकडे लाखाच्या पुढे जातं. दोन्हीकडे पोटावर ठेवतात ती मातीची पट्टी सारखीच असते. फरक असतो तो खोली, माणसांचे हात आणि देखरेख यांच्या पैशांत. जागा निवडताना हे तिन्ही खर्च वेगवेगळे काढून पाहावेत.

या उपचारामागचा विचार साधा आहे. रोग म्हणजे शरीरात साठलेला मळ, तो बाहेर टाकण्याची ताकद शरीरातच असते, उपचारकानं फक्त वाट मोकळी करायची. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगच्या लुई कूने यांनी कटिस्नानाचा पुरस्कार केला आणि त्यांच्या पुस्तकांचा गांधीजींवर मोठा प्रभाव पडला. सगळे रोग मुळात एकच, हा कूने यांचा दावा आजच्या वैद्यकाला मान्य नाही. जंतुसंसर्ग, कर्करोग किंवा टाइप १ मधुमेह कटिस्नानानं जात नाही. पण वजन, बद्धकोष्ठता, रक्तदाब, कंबरदुखी, झोप या तक्रारींत अळणी व हलका आहार, चालणं, मालिश आणि दहा दिवसांची विश्रांती यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. त्याचं श्रेय मातीला किती आणि मीठ बंद केल्याला किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी मिठाच्या बाजूनं आहे.

महाराष्ट्रात पैशांचा प्रश्न या उपचाराला पहिल्यापासून चिकटलेला आहे. गांधीजींनी आधी पुण्यातल्या डॉ. दिनशा मेहतांच्या नेचर क्युअर क्लिनिकला गरिबांचं केंद्र करायचं ठरवलं होतं. शहरातली ती जागा खेड्यातल्या माणसाच्या कामाची नाही, हे पटल्यावर मार्च १९४६मध्ये ते उरुळी कांचनला गेले. तिथला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं तो साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि पुणे-दौंड मार्गावरच्या उरुळी स्थानकावर उतरूनही जाता येतं. मेहतांच्या जागेवर, पुणे स्टेशनजवळच्या बापू भवनात, आयुष मंत्रालयाची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. शहरात राहणाऱ्यानं सुरुवात अशा सरकारी ओपीडीतून करावी. सल्ला घेऊन एक-दोन उपचार करून पाहिले की मुक्कामाची गरज आहे का, ते कळतं, आणि खिशालाही झळ बसत नाही.

मुक्काम करायचाच असेल तर माहितीपत्रकावरचा दर अर्धाच समजा. एक काल्पनिक हिशेब मांडू. खोली, जेवण व मूळ उपचार मिळून रोज १,८०० रुपये, म्हणजे दहा दिवसांचे १८,००० रुपये. पॅकेजबाहेरचे फिजिओथेरपी, ॲक्युपंक्चर असे आठ उपचार प्रत्येकी ४०० रुपयांनी धरले तर ३,२०० रुपये. दाखल होताना रक्त व ईसीजीसाठी १,५००. सोबत माणूस ठेवणं बंधनकारक असेल तर त्याचे रोज ७०० प्रमाणे ७,०००. बेरीज २९,७०० रुपये, आणि यात प्रवास व बुडालेली मजुरी धरलेली नाही. रोजंदारीवरच्या माणसाला ती मजुरीच सगळ्यात महाग पडते. म्हणून फोनवर नेमकं विचारा: मालिश रोज आहे की एकाआड एक, एनिमा व वाफारा दरात आहे का, लवकर निघालो तर डिपॉझिट परत मिळतं का. उपवासाच्या दिवशीही जेवणाचे पैसे लागतात का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी लागतात. खोलीचं भाडं रोज ५,००० रुपयांच्या वर गेलं तर रुग्णालयाच्या खोलीवरही ५ टक्के जीएसटी पडतो.

विम्याच्या भरवशावर जाऊ नका. आयुष उपचारांना विमा मिळतो, हे खरं. पण आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये नेचर क्युअर क्लिनिक, स्पा व तत्सम ठिकाणच्या उपचारांचा स्पष्ट उल्लेख आहे. विश्रांतीसाठीचा मुक्काम हा आणखी एक अपवाद. आयुष रुग्णालय म्हणून मान्यता हवी तर किमान पाच खाटा, चोवीस तास जबाबदार पात्र डॉक्टर आणि रोजच्या नोंदी लागतात. जाण्याआधी विमा कंपनीकडून होकार लेखी घ्या. ‘क्लेम होतो हो’ हे काउंटरवरचं आश्वासन म्हणजे होकार नव्हे.

देखरेखीच्या पैशांत मात्र काटकसर नको. बीएनवायएस ही निसर्गोपचार व योगाची, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी आहे. भारतीय वैद्यक पद्धतींच्या २०२०च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात निसर्गोपचार समाविष्ट नाही, त्यामुळे पाटीवरच्या ‘डॉक्टर’ शब्दामागे काय शिक्षण आहे, ते तुम्हालाच विचारावं लागतं. सहा महिन्यांचा कोर्स केलेल्याच्या सल्ल्यानं इन्सुलिन बंद करून उपवास धरू नका. मधुमेहाची औषधं चालू असताना उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, हृदयविकार असेल तर उपवास आणि वारंवार एनिमा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. तब्येत बिघडली की ‘विष बाहेर पडतंय’ असं सांगणारे भेटतात. चक्कर, धडधड, गोंधळलेपण आलं तर रुग्णालयात जायचं.

पुष्कळ गोष्टी घरीही होतात. शेतातली, खत न पडलेली, दोन-तीन फूट खालची माती उन्हात वाळवून, चाळून, भिजवून सुती कापडात पसरली की पट्टी तयार; ती पोटावर वीस-तीस मिनिटं ठेवायची. कटिस्नानाचा टब विकत मिळतो, पण बेंबीपर्यंत पाणी येईल आणि पाय बाहेर राहतील एवढं मोठं घमेलं असेल तर तेही चालतं.

पहिल्या चार-पाच दिवसांत काटा झपाट्यानं खाली येतो, त्यात पाण्याचाच वाटा मोठा असतो. जाहिरातीतले ‘दहा दिवसांत सहा किलो’ वाचताना हे लक्षात ठेवा. निघताना बिलाबरोबर उपचारांची, आहाराची आणि बदललेल्या औषधांची लेखी नोंद मागून घ्या. आठवड्याभरात ती नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासायचा खर्च त्या मुक्कामाच्या हिशेबातच धरा.