कुत्र्यांवरील व घरातील पिसवांचा बंदोबस्त

पावसाळा अर्धा सरला की पिसवांची तक्रार खेड्यापाड्यांतून ऐकू येऊ लागते. रात्री अंथरुणावर पडावे तो पायांना चावे सुरू होतात, सकाळी घोट्याभोवती तांबड्या पुटकुळ्यांची रांग दिसते आणि लहान मुले खाजवून खाजवून बेजार होतात. मग घरातील दोष कुत्र्याच्या माथी मारला जातो. कोणी त्याला ओट्यावरून हाकलतो, कोणी त्याच्या अंगास रॉकेल चोळतो, तर कोणी कपाशीवर फवारण्याकरिता आणलेल्या औषधाचे चार थेंब बादलीत टाकून त्याला आंघोळ घालतो. कुत्रे आजारी पडते, क्वचित मरतेही. पिसवा मात्र घरात जशाच्या तशाच राहतात. हे असे का होते हे समजण्यास पिसूचा जीवनक्रम ठाऊक असणे अवश्य आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो स्वतः नीट समजून घ्यावा व मगच लोकांस उपाय सांगावेत.

पिसू कशी ओळखावी

गोचीड, ऊ व पिसू या तिन्हींची गल्लत पुष्कळ ठिकाणी होते. गोचीड आठ पायांची असून एकाच जागी चिकटून रक्त पिऊन फुगते. ऊ केसांत सावकाश सरपटते. पिसू ही सहा पायांची, बिनपंखी, तांबूस काळ्या रंगाची असून तिची लांबी एक ते तीन मिलिमीटर असते. तिचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे ती दाट केसांतून सहज पळते आणि चिमटीत धरावी तो उडी मारून निसटते. आपल्याकडील कुत्र्यांवर आढळणारी पिसू बहुधा मांजराच्या पिसूच्या गटातील असते व ती कुत्रा, मांजर, शेळी व माणूस यांपैकी जे सापडेल त्याचे रक्त पिते.

पिसू प्रत्यक्ष दिसली नाही तरी एक सोपी परीक्षा करता येते. कुत्र्याच्या कमरेवरील, शेपटीच्या मुळाजवळील केस बारीक दातांच्या फणीने विंचरावेत व जी काळी रवाळ घाण निघेल ती ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा फडक्यावर टाकावी. मातीचा कण असेल तर तो तसाच राहील. त्याभोवती तांबूस डाग पसरू लागला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच वाळलेले रक्त होय. ही परीक्षा घरमालकाच्या समक्ष करून दाखवावी. तांबडा डाग डोळ्यांनी पाहिलेल्या माणसास पुढे फारसे पटवून द्यावे लागत नाही.

जीवनक्रम

पिसूच्या आयुष्यात अंडी, अळी, कोश व पूर्ण वाढलेला कीटक अशा चार अवस्था असतात. आपणांस चावते ती यांपैकी शेवटची अवस्था. मादीला कुत्र्याचे रक्त मिळाले की एक-दोन दिवसांत ती अंडी घालू लागते व भर काळात दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी देते. ही अंडी पांढरी, गुळगुळीत असतात. ती केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रे अंग झटकते, लोळते, झोपते, तेथे ती मिठाच्या बारीक कणांप्रमाणे गळून पडतात. म्हणजे ज्या जागी कुत्रे झोपते तीच पिसवांची खरी पैदासभूमी होय.

दोन ते दहा दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात. त्या उजेड टाळतात. जमिनीच्या भेगांत, फरशांच्या सांध्यांत, गोणपाटाच्या घडीखाली, सरपणाच्या ढिगात व बाजेखालच्या धुळीत त्या शिरून बसतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतून गळलेल्या वाळक्या रक्तावर वाढतात. त्यांना हवेत ओलावा लागतो. कडक ऊन व कोरडी हवा त्यांना सोसत नाही. पावसाळ्यात उपद्रव वाढतो व उन्हाळ्यात उघड्या अंगणात तो जवळजवळ थांबतो, याचे कारण हेच. परंतु पडवीच्या सावलीत, पाण्याच्या रांजणाजवळ किंवा मोरीच्या कडेला ओल टिकते तेथे अळ्या भर उन्हाळ्यातही तग धरतात.

वाढ पुरी झाल्यावर अळी रेशमासारखा चिकट कोश विणते. त्या कोशाला धूळ व केर चिकटून तो मातीच्या खड्यासारखा दिसू लागतो. सर्व अवस्थांत ही अवस्था फार चिवट आहे. केरसुणीने कोश सहजी निघत नाही आणि कीटकनाशकही त्याच्या आत पुरेसे पोचत नाही. हवा अनुकूल असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत पिसू बाहेर पडते. पण जवळपास खाद्य नसेल तर ती कोशातच कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिनेही वाट पाहत राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासाची हवा लागली की मात्र ती तत्काळ बाहेर येते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत येऊन घराचे कुलूप काढतात व उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच पायांवर पिसवा चढतात, हा अनुभव काही गावांत येतो. त्यात भुताटकी नाही. मागे राहिलेल्या कुत्र्यामांजरांनी पडवीत आसरा घेतलेला असतो व त्यांच्या अंगावरून पडलेली प्रजा कोशात बसून असते.

सारांश, एका वेळी घरात जेवढ्या पिसवा निरनिराळ्या अवस्थांत असतात त्यांपैकी शंभरात अदमासे पाचच कुत्र्याच्या अंगावर असतात. उरलेल्या पंचाण्णव जमिनीत असतात. केवळ कुत्र्याला औषध लावून घर मोकळे होत नाही ते यामुळे.

घराची सफाई

कुत्रे व घर या दोहोंवरील उपाय एकाच दिवशी करावेत. कुत्र्याचे अंथरूण, पोती, जुनी वाकळ इत्यादी प्रथम बाहेर काढून उकळत्या पाण्यात भिजवावे व दिवसभर कडक उन्हात टाकावे. जे पोते फाटून निरुपयोगी झाले असेल ते सरळ जाळावे. माणसांच्या गोधड्याही उन्हात उलटसुलट वाळवाव्यात. नंतर बाज, कणग्या, पेट्या हलवून त्यांखालची जमीन, कोपरे व भिंतीच्या कडा खराट्याने खरवडून झाडाव्यात. निघालेला केर उकिरड्यावर टाकल्यास तेथून पिसवा पुन्हा घराकडे येतात. म्हणून तो खड्ड्यात जाळावा.

फरशी असेल तर सांध्यांवर उकळते पाणी ओतून ती कोरडी पुसावी. जमीन मातीची असेल तर काम जरा जास्त आहे. भेगांतील सुटी माती कोरून काढावी, भेगा चिकणमातीने बुजवाव्यात व मग शेणाने सारवावे. सारवण्याने अळ्यांना लपण्यास जागा राहत नाही, हा आपल्या जुन्या रिवाजाचा मोठा गुण आहे. तथापि धूळ न काढता तिच्यावरच सारवण्याची सवय पुष्कळ घरांत असते. तसे केल्यास आतल्या प्रजेला वरून आच्छादन मिळते व ओलावाही मिळतो. सारवल्यावर दारे-खिडक्या उघड्या ठेवून जमीन खडखडीत वाळू द्यावी.

पहिल्या सफाईनंतर एक-दोन आठवडे पिसवा उलट वाढल्यासारख्या वाटतात, कारण हादऱ्याने व उबेने कोशांतील पिसवा बाहेर पडतात. येथेच लोकांचा धीर सुटतो व उपाय फसला अशी त्यांची समजूत होते. कार्यकर्त्याने ही गोष्ट अगोदरच सांगून ठेवावी. झाडण्याचे काम दर दोन-तीन दिवसांनी व अंथरूण वाळविण्याचे काम दर आठवड्यास, असे निदान दोन-तीन महिने चालू ठेवावे लागते.

घरात कीटकनाशक फवारण्याची वेळ आलीच तर घरगुती वापरासाठी मान्यता असलेलेच औषध, वेष्टनावरील प्रमाणात, भेगा व कडांपुरते फवारावे. फवारणीपूर्वी पाण्याची भांडी, धान्य व अन्न झाकावे आणि जमीन वाळेपर्यंत मुले, कोंबड्या व मांजरे आत सोडू नयेत. अळीची पुढची वाढ रोखणारी औषधेही आता मिळतात व ती अशा कामी अधिक टिकाऊ ठरतात. जुन्या पिढीतील काही लोक अजूनही डी. डी. टी. व बी. एच. सी. च्या भुकटीची आठवण काढतात. शेतीत डी. डी. टी. वापरण्यास १९८९ साली व बी. एच. सी. ला १९९७ साली आपल्या देशात बंदी झाली आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असलाच तर तो उघडूही नये.

कुत्र्यावरील उपाय

आंघोळीस साधा साबण पुरतो. प्रथम मानेभोवती साबणाच्या फेसाचे जाड कडे करावे, नाहीतर पाणी पडताच अंगावरील पिसवा कान व डोळ्यांकडे धाव घेतात. मग सर्व अंगास फेस लावून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा व धुऊन काढावा. त्यानंतर बारीक फणीने विंचरावे आणि फणीतील पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. साध्या पाण्यावर त्या तरंगतात व निसटतात. लहान पिल्लांच्या बाबतीत फणी व कोमट पाणी एवढ्यावरच भागवावे. पिल्लांवर पिसवा फार झाल्यास रक्त कमी होऊन हिरड्या पांढऱ्या पडतात व पिल्लू दगावते, म्हणून तशी लक्षणे दिसताच त्यास दवाखान्यात न्यावे.

औषधांपैकी मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीवर सोडावयाचे फिप्रोनिलचे थेंब महिन्यातून एकदा वापरतात. ते लावण्याच्या आधी दोन व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. पोटात देण्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. कोणते औषध व किती, हे कुत्र्याच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच घ्यावे. फिप्रोनिल हे नाव पिकांच्या औषधाच्या बाटलीवरही असते. परंतु ती बाटली कुत्र्यासाठी नव्हे. तिची तीव्रता व त्यातील इतर द्रव्ये निराळी असतात. त्याचप्रमाणे परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध मांजरास लावल्यास मांजराला झटके येऊन ते मरू शकते. घरात दोन्ही जनावरे एकाच पोत्यावर झोपत असतील तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

रॉकेलाने कातडी भाजते व ते चाटल्यास फुप्फुसांना इजा होते. तंबाखूचे पाणी हे तर सरळ विषच. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अपाय नाही, थोडा गुणही येतो. पण त्याच्यावर भिस्त ठेवून बाकीची कामे सोडू नयेत.

पिसू चावल्यामुळे काही कुत्र्यांना तीव्र खाज सुटते व कमरेवरील केस झडतात. शिवाय पिसूच्या अंगातून एका जातीचा पट्टकृमी पसरतो. कुत्रे पिसू चावून गिळते व कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर तो आहे असे समजावे. कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात चुकून पिसू गेल्यास त्यांनाही तो होतो. तेव्हा पिसवांबरोबर जंताचे औषधही मागून घ्यावे.

शेळ्यांचा वाडा घराला लागून असेल तर तेथेही पाहावे. सुक्या लेंड्यांच्या थरात अळ्या मुबलक वाढतात व करडे रक्तक्षयाने मरतात. लेंडीखत दर आठवड्यास काढून दूर खड्ड्यात न्यावे. दुभत्या शेळीला औषध लावल्यास दूध किती दिवस वापरू नये हे पशुवैद्यास विचारावे.

उंदीर पडू लागल्यास

उंदरांवरील पिसू ही निराळी जात असून तिचे महत्त्व फार मोठे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा तो कशाने पसरतो हे कोणास ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराची येथे प्रयोग करून तो उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो असे दाखविले. पण त्याचे म्हणणे मान्य होण्यास काही वर्षे लागली. उंदीर पडू लागताच गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याची आपल्या वाडवडिलांची रीत होती. तिच्यामागील शास्त्र त्यांना माहीत नसले तरी रीत योग्यच होती. ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांच्या त्रासाची तक्रार आली व त्यानंतर गाठीच्या प्लेगाचे रोगी आढळले.

प्लेगने उंदीर मेला व थंड पडला की त्याच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात. म्हणून गावात एकाएकी पुष्कळ उंदीर मेलेले दिसले तर विष घालण्याची किंवा सापळे लावण्याची घाई कदापि करू नये. अशा वेळी आधी पिसवा माराव्या लागतात व मग उंदीर. क्रम चुकला तर पिसवा उंदरांवरून माणसांवर येतात. मेलेल्या उंदरास हात लावू नये, कुत्र्यामांजरांना त्याजवळ जाऊ देऊ नये, आणि ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्र यांना त्याच दिवशी कळवावे. जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येऊन ताप चढल्यास रोग्यास विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे. आज या रोगावर गुणकारी प्रतिजैविके आहेत, मात्र ती लवकर सुरू झाली पाहिजेत.

घर मोकळे झाले की नाही

हे पाहण्यासाठी रात्री खोलीच्या मध्यभागी पसरट परातीत साबणाचे पाणी घालून तिच्यावर दिवा टांगावा व बाकीचे दिवे मालवावेत. पिसवा उजेडाकडे उड्या घेतात व पाण्यात बुडतात. सकाळी त्या मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहून ठेवावा. दर आठवड्यास हाच प्रयोग करावा. आकडा उतरत जाऊन लागोपाठ चार आठवडे परात रिकामी राहिली, तर खराट्याचे काम आठवड्यातून एकदा केले तरी चालेल.