नाव घालून लिही

जबलपूर

चि. छोटू,

तुझ्या कविता वाचल्या. कॉलेज संपलं, चौकडी फुटली, कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला. मन हळवं होणारच. पण इतक्या कवितांत एकाही मित्राचं नाव नाही, ग्वारीघाट नाही, सदरची टपरी नाही. आहे ते ‘तारुण्य’ आणि ‘पाऊलवाट’. पाऊलवाट तू पाहिलीस कधी? स्कूटरवरून उतरतोस कुठे!

ताटातुटीच्या कवितेत जुन्या चिनी कवींचा हात धरणारं कुणी नाही, असं माझं मत आहे. थांग काळातले (इ. स. 618 ते 907) हे कवी बहुतेक सरकारी नोकर किंवा नोकरीच्या शोधात हिंडणारे. परीक्षा द्यायची, नेमणूक घ्यायची, दर काही वर्षांनी बदलीवर निघायचं. वरिष्ठांची मर्जी गेली की हजारो मैल लांब रवानगी. गन कॅरेज फॅक्टरी (जीसीएफ), रेल्वे, हायकोर्ट यांच्या पायी इथे आलेल्या आपल्या मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच या कवींच्या कवितेच्या शीर्षकातच मित्राचं नाव येतं आणि तो कुठे निघाला तेही. वांग वेईनं युआन नावाच्या मित्राला पश्चिम सीमेवरच्या आन्शीला निरोप दिला. त्या कवितेचं पुढे गाणं झालं आणि ते शतकानुशतकं निरोपाच्या वेळी गायलं गेलं. तो युआन कोण होता, हे आज कुणाला धड माहीत नाही. नाव मात्र राहिलं.

तू फू आणि ली पो 744 साली भेटले, पुढच्याच वर्षी वेगळे झाले, ते पुन्हा कधीच भेटले नाहीत. तू फू मात्र पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर लिहीत राहिला. तू फूचीच आणखी एक कविता जरूर वाच: पुष्कळ वर्षांनी एका मित्राच्या घरी घालवलेली रात्र. मित्राला आता मुलंबाळं आहेत, जुन्या सोबत्यांतले निम्मे गेले आहेत, आणि जेवणात ताजी पात आहे. वय सरल्याचं दुःख त्या जेवणाशेजारी बसतं, म्हणून ते खरं वाटतं. हान यू तर आपले दात पडत चालल्यावरच कविता लिहितो. तुला अजून तो विषय नाही, पण मला आहे.

पो च्यु-यी आणि युआन झेन या जोडीकडे सावकाश वळ. 815 साली दोघांचीही दूर बदली झाली. 819 मध्ये नव्या नेमणुकांवर जाताना यांगत्से नदीवर अवचित गाठ पडली. मधल्या काळात त्यांनी एकमेकांना पत्रं आणि कविता पाठवल्या. तू निदान फोन तरी करतोस का? आर्थर वेली यांची इंग्रजी भाषांतरं मिळव. पो च्यु-यी त्यांचा लाडका.

‘मित्रास’ ही तुझी कविता पुन्हा लिही. त्याचं नाव घाल, गाडीचं नाव घाल, स्टेशनवर तुम्ही काय खाल्लंत तेही. पुण्याच्या खोलीचं भाडं ऐकून तो काय म्हणाला, तेही आलं तर बरं. मग आधी त्यालाच पाठव, मला नंतर.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा